उघड्या पत्र्यावरचा हात

हात! हात मागे घ्या आधी — अहो, तुमचीच गाडी आहे, कोण नाही म्हणतंय, कागद तुमच्या नावावर आहेत, पण आजचा दिवस ती कुणाचीच नाही. आज तिला कुणी हात लावायचा नाही. मालकाने नाही आणि मीही नाही. दचकलात? माझा आवाजच असा आहे हो. बायको म्हणते, तुम्ही नुसतं मीठ मागितलंत तरी शेजारी दार लावून घेतात. बसा, त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. — नाही कसा, टेकला होता ना! मी बघितला. डाव्या दाराच्या कडेला, तीन बोटं आणि थोडा तळवा. आता ते दार मला पुन्हा पुसायला लागणार. काही दिसत नाही म्हणता? कसं दिसेल? आज दिसलं असतं तर पुढचं रामायण कशाला झालं असतं! आज नुसता घाम लागतो, तेल लागतं — सकाळी डोक्याला तेल चोपडलंयत ना तुम्ही? चोपडलंयत, वास येतोय — ते सगळं तिथे बसतं, त्यावर प्रायमर बसतो, त्यावर रंग, वर पॉलिश, तुम्ही खूश, मी खूश. आणि सहा-आठ महिन्यांनी रंगाखालून तीन बोटं वर येतात. फोड येतात, मोहरीएवढे, बरोब्बर बोटांच्या आकाराचे. मग तुम्ही येता आणि माझ्या नावाने शंख करता.

तीन आठवडे लागले हा पत्रा उघडा करायला. पाच रंग निघाले तुमच्या गाडीवर, ठाऊक आहे? वरचा लाल, मग करडा, मग पुन्हा लाल, मग कसला तरी हिरवा — तो हिरवा कुणी लावला त्याला मला एकदा भेटायचंय — आणि तळाशी मूळचा निळा. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तर बोटभर जाडीची पुट्टी. ती खरवडली तर खाली पत्राच नाही, चाळण! कुणीतरी गंजावर पुट्टी थापली, वर रंग मारला आणि हात झटकून मोकळा झाला. वरून कीर्तन, आतून तमाशा, तसं काम. आपल्याकडे ते चालत नाही. तो भाग कापला, नवीन पत्रा जोडला, तारेच्या ब्रशने घासला, मग पॉलिश पेपरने, मग कोपऱ्यात जिथे ब्रश जात नाही तिथे खिळ्याला कापड गुंडाळून, मान वाकडी करून. एवढं करून आज सकाळी ती अशी उभी राहिली — स्वच्छ. आता हिची घटका भरत आलीय. हवा बघा, कशी चिकट झालीय. उघड्या पत्र्याला आजच्या आज प्रायमर बसला नाही तर संध्याकाळी पिवळसर झाक येते, उद्या सकाळी गंज. डोळ्यांदेखत. तीन आठवडे पाण्यात.

मग बसलोय का असा? — विचारलंत ते बरं केलंत. बसलोय, कारण माझा कारागीर तापाने पडलाय. सकाळी निरोप आला. आणि हे काम एकट्याचं नाही. म्हणजे बाकी सगळं एकट्याचं, पण हे शेवटचं दोघांचं. एकाने पुढे पुसत जायचं — एका हातात थिनरचं ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं, ओल्याने मळ सुटतो, तो वाळायच्या आत कोरड्याने उचलायचा, आणि एकाच दिशेने, मागेपुढे नाही, मागेपुढे केलं तर मळ नुसता फिरायला जातो आणि परत येतो — आणि दुसऱ्याने मागून गन घेऊन फवारत यायचं. पुसणाऱ्याने थांबायचं नाही, फवारणाऱ्याने घाई करायची नाही. एक लय लागते. एकट्याने? करतात लोक एकट्याने. मीही केलं असतं. आता… हे बघा. दिसतंय? हात धरून ठेवला तरी कापतो. दोन वर्षं झाली. चहाचा कप चालतो, गन नाही चालत. बाहेर बोलू नका कुठे, धंदा आहे माझा.

कोण? — नाही, नाव घेऊ नका, कळलं मला. माझा धाकटा भाऊ. तुमच्या घराचं फाटक जोडायला आला होता, तुमच्या अंगणात ही गाडी ताडपत्रीखाली बघितली आणि म्हणाला, पत्रा उघडायचा तर दादाकडेच न्या. असं? त्यानेच पाठवलं तुम्हाला? तीन आठवडे माझ्याकडे चकरा मारताय आणि हे आज सांगताय! बरं. मग? त्याला फोन केलात? कधी? तुम्ही येतानाच, बाहेर त्या चहावाल्याने कारागिराचं सांगितल्यावर? वा! आणि तो कुठे — कुठे? कोपऱ्यावर? तुमच्या दुसऱ्या गाडीत बसलाय? आत्ता?

नको. बसा. उठू नका. मी सांगेन तेव्हा उठा.

सात वर्षं झाली साहेब. आधी एकोणीस वर्षं एकत्र काम केलं, ह्याच छपराखाली, आणि मग सात वर्षं नाही. पुढच्या गल्लीत राहतो. आई त्याच्याकडे असते. तुम्हाला काय सांगितलं त्याने? राहू द्या, ठाऊक आहे मला. नाहीच सांगणार. तो कुणाला काही सांगतच नाही, हाच तर त्याचा दोष. तोंडात गुळणी धरल्यासारखा. मी सांगतो. म्हणजे तुम्हीच ठरवा, माझं काय चुकलं. एक डॉक्टर होते. म्हातारे, भले गृहस्थ, त्यांच्या पहिल्या नोकरीत घेतलेली गाडी, चाळीस वर्षांची, त्यांना ती मरायच्या आत एकदा रस्त्यावर बघायची होती. अकरा महिने लागले. अकरा महिने आम्ही दोघं त्या गाडीच्या पोटात राहत होतो म्हणा ना. मी पत्रा, तो रंग. अशी गाडी निघाली, साहेब — डॉक्टर तिच्याभोवती एक फेरी मारून त्या टायरवर जाऊन बसले, तुम्ही बसलाय तिथेच, आणि रडले. त्या गाडीमुळे नाव झालं आमचं. लांबून लांबून लोक यायला लागले. आणि आठ महिन्यांनी डॉक्टर परत आले. बोलले काही नाहीत, बॉनेटवर बोट ठेवलं फक्त. बॉनेटवर हात होता. अख्खा पंजा. रंगाखालून फुगून आलेला, एकेक बोट मोजून घ्या. कुणी खाली अडकलंय आणि वर ढकलतंय, असा.

आता इथे चार माणसं काम करत होती तेव्हा, दोन कारागीर, आम्ही दोघं. सगळ्यांसमोर, डॉक्टरांसमोर. मी म्हटलं, हा ह्याचा हात. हा कधी हातमोजे घालत नाही. खरंच नव्हता घालत, म्हणायचा, हातमोज्याने फडकं कळत नाही. मी म्हटलं, एकोणीस वर्षं सांगतोय, पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, बापाने तुला माझ्या गळ्यात बांधला, नाहीतर तुला कुणी फाटकही रंगवायला दिलं नसतं. — हो, फाटकच म्हणालो. आता फाटकंच करतो ना तो. बोललो खरा. जीभ काय, तिला हाड नसतं. तो उभा होता. गन साफ करत होता, ती खाली ठेवली. एकदा त्या बॉनेटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, दादा, माझा हात ठेवून बघ त्याच्यावर. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं! तो म्हणाला, "बरं." आणि चपला घातल्या. त्याच्या बायकोने दुपारी येऊन त्याचा डबा नेला, माझ्या बायकोशी एक शब्द न बोलता. त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. आता रस्त्यात समोर आल्या तर एकमेकींच्या पिशव्यांकडे बघतात.

तुम्हीच सांगा, मालकाने काय करायचं? नाव माझं होतं पाटीवर. दोष कुणावर तरी ठेवायलाच हवा ना, गिऱ्हाईक समोर उभं आहे, म्हातारा माणूस, त्याच्या डोळ्यांत — आणि धाकट्यावर ठेवायचा नाही तर कुणावर? घरातल्या माणसावर ठेवला की निदान बाहेर बोभाटा होत नाही. आणि एवढं काय, भाऊ होता, दोन दिवसांनी आला असता परत. आधीही रुसायचा. आम्ही काय कमी भांडलोय! आला असता. येणारच होता. मी सोमवारी जाऊन त्याला —

काय? नाही, काही नाही. ती पाण्याची बाटली द्या जरा.

सोमवारी जाणार होतो, कारण रविवारी मला कळलं होतं. आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका. रविवारी सुट्टी, कुणी नाही, भर दुपारी मी एकटा आलो, बॉनेट उतरवून त्या लाकडी घोड्यावर ठेवलं होतं, म्हटलं सोमवारी डॉक्टरांना तोंड दाखवायचं तर आजच घासून टाकावं. पेपर हातात घेतला. आणि असं समोर उभा राहिलो, वाकलो, आणि बघतो तर त्या पंज्याला करंगळी नाही. चार बोटं. तेव्हा डॉक्टरांसमोर कुणी मोजली होती! ही बघा माझी करंगळी. जॅक घसरला होता माझ्यावर, पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून ही अशी वर उभी, सरळ होत नाही, कशाला टेकत नाही. मी हात ठेवला त्याच्यावर. बसला. चपलेत पाय बसतो तसा बसला साहेब. आणि मग सगळं आठवलं. तोपर्यंत आठवलं नव्हतं, खोटं सांगत नाही — म्हणजे, आठवायला गेलोच नव्हतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, पण चोराला तेव्हा खरंच वाटत असतं की तो साव आहे.

माझा हात तिथे गेला कसा, ते विचारा की. विचारा! त्या दिवशी धाकट्याने बॉनेट पुसलं. दोन फडकी, एकाच दिशेने, जसं पुसायचं तसं. माझ्यापेक्षा छान पुसायचा, आता सांगायला काय जातंय. पुसून तो आत गेला प्रायमर कालवायला. आणि मला राहवेना. ह्याने नीट पुसलं असेल का? मला सवय आहे हो, पत्रा डोळ्याने नाही, तळव्याने बघायचा, डोळ्याला न दिसणारी लाट तळव्याला लागते. पण ते आधी! शेवटचं पुसून झाल्यावर तळवा म्हणजे पापच. मलाच ठाऊक नाही? मीच शिकवलं सगळ्यांना. पण ह्याचं काम आहे, म्हणजे तपासलं पाहिजे. एकोणीस वर्षं मी त्याचं प्रत्येक काम तपासत आलो. त्याने लावलेलं कुलूपसुद्धा मी परत ओढून बघायचो. तशीच सवयीने हातमोजा काढला — काढला, हे आठवतंय मला — आणि तळवा टेकवून सबंध बॉनेटवर नजर टाकली. चांगलंच होतं काम. एक डाग नव्हता. होता तो मी टेकवला.

मग काय केलं? पेपर मारला. दहा मिनिटं लागली. पंजा गेला, उघड्या जागेवर लगेच प्रायमर मारला, सोमवारी कारागिराने रंगवलं. डॉक्टर म्हणाले, भाऊ दिसला नाही तुमचा. मी म्हटलं, त्याला दुसरं काम मिळालंय. डॉक्टर गेले, चार वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तो हात धाकट्याचा. मी जाणार होतो सोमवारी. मग म्हटलं मंगळवारी. मग आईने माझ्याकडची ट्रंक बांधली आणि त्याच्याकडे राहायला गेली, म्हणाली, जो बोलत नाही त्याला सोबत लागते. मग मलाही राग आला. म्हटलं, जा सगळे. आता तर जायलाच नको, नाहीतर वाटेल आईसाठी गेलो. असे दिवस गेले. बायकोलाही सांगितलेलं नाही मी. तुम्हाला का सांगतोय देव जाणे. तुम्ही परके, गाडी झाली की तोंड दिसणार नाही तुमचं, म्हणून असेल. किंवा हा पत्रा असा उघडा पडलाय समोर, वेळ निघून चाललीय, आणि तो तिथे कोपऱ्यावर बसलाय म्हणून असेल.

बोलवा म्हणता? आणि काय सांगू? ये, तू फवार, मी पुसतो, हात कापला तर हसू नकोस? त्याला आत घ्यायचं तर आधी हे सांगायला लागेल. आणि हे सांगितलं तर… अहो, सात वर्षं तो हा ठपका डोक्यावर घेऊन हिंडतोय. लोक फाटक करायला बोलावतात आणि मागून म्हणतात, हाच तो, डॉक्टरांची गाडी ज्याने घालवली. मी ऐकलंय म्हणताना. ऐकून गप्प बसलोय, चहा पीत. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की मला त्या रविवारीच —

काय?

काय म्हणालात? त्याला माहीत आहे?

थांबा. नीट सांगा. कधीपासून? तुम्हाला कुणी सांगितलं? त्याने? आत्ता, गाडीत? म्हणजे बोलला तो. तुमच्याशी बोलला. — काय बोलला? शब्द सांगा त्याचे, तुमचे नको.

दारातून बघितलं. प्रायमर कालवून येत होता, दारात पोचला आणि दादाचा हात बॉनेटवर बघितला. तेव्हाच. आठ महिने आधीच. बघितलं, आणि — पुढे? पुढे आला आणि त्याच्यावर फवारलं. बघून फवारलं. दादाला "हात" म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून फवारलं, आणि म्हणून तो म्हणतो, चूक माझीच होती, मी काय बोलणार. असं म्हणाला? माझीच होती म्हणाला?

गाढव. गाढव आहे तो! परत पुसलं असतं तर झालं काय असतं? पाच मिनिटं! एक शब्द होता हो. "दादा, हात." दोन शब्द. मी काय त्याला खाल्लं असतं?

…खाल्लं असतं. सगळ्यांसमोर खाल्लं असतं. म्हटलं असतं, तू मला शिकवतोस? आणि त्याला ते ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत एकदा तरी त्याने मला काही म्हटलं का, आठवतोय मी… एकदाही नाही. मला वाटायचं, आदर करतो. लोकांना सांगायचो मी, भाऊ बघा माझा, उलटून बोलत नाही. अहो, तुम्ही परके, तुम्ही नुसते दाराला टेकलात तर मी केवढ्याने ओरडलो. आणि त्याला तेवढंही ओरडता येऊ नये, असं मी ठेवलं त्याला. आणि वर सात वर्षं मला वाटत होतं, मी त्याच्यापासून काही लपवतोय. बसून हसत असेल. — हसत नाही? नाही, तो हसणारा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

नको. खाली बसा. नाही, बसू नका, जा. जा तुम्ही. त्याला आणू नका. तो दारात आला आणि "दादा" म्हणाला तर मी काय करीन मला सांगता येत नाही, मी ओरडेन बहुतेक. मला दुसरं काही येतच नाही. सांगा, कारागीर मिळाला. सांगा, दादा म्हणाला गरज नाही. तुमच्यापुढे कशाला खोटं बोलू, मिळालेला नाही, पण सांगा. — पत्रा? ह्या हवेत दोन तास टिकेल, फार तर अडीच. हो, दिसतंय मला, खिडकीखाली झाक धरायला लागलीय, मला आंधळा समजता? तीन आठवडे माझे गेले, तुमचे नाही. उद्या या. उद्या नका, परवा या आणि न्या गाडी, जशी असेल तशी न्या. अहो, उभे काय राहिलात? जा म्हटलं ना!